गॅस ग्रिल तापतच नाही! (जुनं ग्रिल, नवीन घर आणि सोमवारी वीस माणसं)

मधली_सून
मंडळी, तातडीची मदत हवी आहे. गेल्या ऑक्टोबरात आम्ही न्यू जर्सीत घर घेतलं. आधीचे मालक डेकवर तीन बर्नरचं प्रोपेनचं ग्रिल सोडून गेले. तेव्हा वाटलं, लॉटरी लागली. हिवाळाभर ते कव्हरखाली होतं, परवा पहिल्यांदा पेटवलं. पेटलं, पण ज्योत समईच्या वातीएवढी. तिन्ही नॉब फुल्ल, झाकण बंद, अर्धा तास झाला तरी झाकणावरचा काटा २५० फॅरनहाइटच्या पुढे हलेना. चिकनच्या तंगड्यांना दीड तास लागला आणि त्या भाजल्या नाहीत, उकडल्या. सासरे खाताना काहीच बोलले नाहीत, ते जास्त लागलं.

टाकी भरलेली आहे, नवऱ्याने गेल्याच आठवड्यात पेट्रोल पंपावरून बदलून आणली. येत्या सोमवारी मेमोरियल डेला वीस माणसं आहेत. नवरा म्हणतो नवीन घेऊ. मला धडधाकट दिसणारी वस्तू टाकवत नाही. काय करू?

डेकवरचा_दादा
नवीनच घ्या, आणि घ्यायचंच तर कोळशाचं घ्या. गॅसवर भाजायचं तर घरातल्या शेगडीने काय घोडं मारलंय? १९५२ साली शिकागोजवळ जॉर्ज स्टीफन नावाच्या माणसाने समुद्रातल्या बोयाचा (तरंगत्या खुणेचा) गोळा मधोमध कापून वेबर कंपनीचं ते किटलीसारखं गोल, कोळशाचं ग्रिल बनवलं. त्यानंतर या क्षेत्रात झालेला सगळा विकास म्हणजे आळशीपणाची सोय.

पाचवा_बर्नर
दादा, तुमचा कोळसा धुमसेपर्यंत आमचं जेवण होऊन भांडी लागलेली असतात. असो.

सूनबाई, नवीन काही घेऊ नका. लक्षणं पाहता तुमचा रेग्युलेटर 'बायपास'मध्ये गेलाय. एक सांगा, टाकीचा कॉक उघडला तेव्हा ग्रिलचे नॉब आधीपासून उघडे होते का? किंवा कॉक एका झटक्यात पूर्ण फिरवला का? असं केलं की रिकाम्या नळीत एकदम गॅस सुटतो. टाकीच्या जोडणीत एक सुरक्षा यंत्रणा असते, तिला वाटतं नळी फुटली, म्हणून ती गॅस अगदी बारीक करून टाकते. मग ज्योत मरतुकडी आणि तापमान २५०-३०० ला अडकलेलं. बिघाड नाही हा, यंत्रणा तिचं काम करतेय.

उपाय फुकट आहे. टाकी बंद करा, नॉब बंद करा. काळं प्लास्टिकचं मोठं नट हाताने सोडवा. ग्रिलचं झाकण उघडून नॉब मिनिटभर उघडे ठेवा, म्हणजे नळीतला दाब निघून जाईल, आणि परत बंद करा. नट पुन्हा हातानेच घट्ट बसवा, पाना लावू नका. आता टाकीचा कॉक अगदी हळू, दहा सेकंद घेऊन उघडा. थोडं थांबा आणि मग पहिला बर्नर पेटवा. बंद करताना आधी नॉब, मग टाकी, की पुढच्या वेळी ही भानगडच येत नाही.

आणि पेटवताना झाकण उघडं. नेहमी.

निवांत_नाना
शेवटच्या ओळीला माझ्याकडून अनुमोदन, भुवयांसकट.

१९९८, ह्यूस्टन. झाकण बंद ठेवून नॉब फिरवला, ठिणगी पडेना. टकटक टकटक करत राहिलो. मग शहाण्यासारखं वाकून बघत काडी लावली. भप्प! झाकण आपोआप उघडलं. इजा काही नाही, पण पुढचे दोन महिने बायको माझ्याकडे बघून बोलताना मधेच थांबायची. पहिल्या दोन-तीन ठिणग्यांत पेटलं नाही तर सगळं बंद करा, झाकण उघडं टाका आणि पाच मिनिटं लांब जाऊन बसा. प्रोपेन हवेपेक्षा जड, तो वर उडून जात नाही, खाली साचतो.

ठिणगीच पडत नसेल तर आधी बटणाचं टोपण फिरवून काढा. बऱ्याच ग्रिलांत तिथे पेन्सिल सेल असतो आणि तो मेलेला असतो. हे मला तीन वर्षांनी कळलं.

मधली_सून
पाचवा_बर्नर, तुमच्या तोंडात साखर! कॉक नवऱ्याने 'एका झटक्यात'च उघडला होता. सांगितलं तसं केलं आणि काटा वीस मिनिटांत ४५० वर गेला.

पण आता वेगळंच. मधला आणि उजवा बर्नर निळे जळताहेत. डावा पिवळा, लपलपता, अर्ध्या भोकांतून ज्योतच नाही. डावा नॉब हाताला गरम लागतोय आणि पॅनेलच्या मागून मंद फर्रफर्र आवाज येतोय. हे चालतं का?

पाचवा_बर्नर
नाही चालत! आत्ताच्या आत्ता टाकी बंद करा. डावा बर्नर पुन्हा पेटवू नका, मी सविस्तर लिहितो.

पाचवा_बर्नर
हं, आता निवांत. तुमच्या डाव्या नळीत बहुधा कोळी राहायला आला आहे. थट्टा नाही करत. बर्नरची नळी नॉबच्या बाजूला उघडी असते, तिथून गॅस आणि हवा मिसळून आत जातात. थंडीत ग्रिल पडून असलं की छोटे कोळी तिथे जाळं विणतात, अंडी घालतात. जाळं नाजूक दिसतं, पण गॅसची वाट अडवायला पुरतं. मग गॅस मागे फिरतो आणि नॉबच्या मागेच पेटतो. म्हणूनच नॉब गरम. असाच चालू ठेवला तर नॉब वितळेल, नळी जळेल.

(इंधनाचा वास आणि कोळी यांचं जुनं प्रेम आहे. २०११ मध्ये माझदाने आपल्या हजारो गाड्या परत मागवल्या होत्या, कारण टाकीच्या हवेच्या नळीत पिवळा कोळी जाळं करत होता.)

ग्रिल पूर्ण थंड झाल्यावर, टाकी सोडवून लांब ठेवून: वरच्या जाळ्या काढा, त्याखालचे उलट्या 'व्ही' आकाराचे पत्रे काढा. मग बर्नरच्या नळ्या दिसतील. मागच्या टोकाला एखादा स्क्रू किंवा पिन असते, ती काढली की नळी मागे सरकवून उचलता येते. लांब दांड्याचा लवचिक ब्रश (बाटली धुण्याचा चालतो) दोन्ही टोकांनी फिरवा. वरची भोकं बुजली असतील तर कागदाची क्लिप सरळ करून एकेक मोकळं करा. भोक मोठं करायचं नाही हां, ज्योतीचं गणित बिघडतं. परत बसवताना नळीचं तोंड नॉबच्या मागच्या पितळी नोझलवर नीट चढलंय ना, ते बॅटरी मारून बघा. हे चुकलं तर सगळं मुसळ केरात.

मग साबणाचं पाणी: भांड्यांचा साबण आणि पाणी निम्मंनिम्मं, ब्रशने टाकीच्या जोडणीवर आणि तिथून निघणाऱ्या अख्ख्या रबरी नळीवर लावा. नॉब बंद ठेवून टाकी हळू उघडा. बुडबुडे फुगले तर गळती. रबरी नळीला चिरा दिसल्या तर नळी-रेग्युलेटरचा जोड नवीन आणा, त्यात काटकसर नको.

जळगावची_लेक
तुम्ही सगळे चिकनचं बोलताय, कोणी वांग्याचं नावच काढेना!

सूनबाई, सोमवारी भरीत करा. इकडे आमच्या जळगावकडच्या बामणोदची हिरवी पांढुरकी वांगी कुठून मिळणार, पण इथली मोठी जांभळी चालतात, फक्त हातात हलकी लागणारी निवडा, जडात बिया. सुरीने चार-पाच ठिकाणी टोचा, नाहीतर फुटतं आणि सगळा गर जाळीखाली जातो. तेलाचा हात फिरवा. देठ काढू नका, फिरवायला तीच मूठ. मधला बर्नर फुल्ल, झाकण बंद, दर सहा-सात मिनिटांनी वळवा. साल काळं होऊन सुरकुतलं आणि वांगं आपल्या अंगावरच बसलं, की झालं.

आता रडगाणं. आमच्याकडे भरताची वांगी कपाशीच्या काड्यांवर भाजतात, त्या धुराची चव गॅसला येत नाही. मी काय करते, हिकरीच्या लाकडाचे तुकडे मूठभर, ॲल्युमिनियम फॉईलच्या पुडीत घालून वर दोन-तीन भोकं पाडते आणि पुडी जाळीखाली पत्र्यावर ठेवते. धूर यायला लागला की मग वांगी. कपाशी नाही, पण अगदीच आजारी माणसाचं भरीतही लागत नाही.

डेकवरचा_दादा
म्हणजे शेवटी लाकूड लागलंच ना. मी काय म्हणत होतो?

भाड्याचं_घर
मधेच विचारतो, माफ करा. आम्ही तिसऱ्या मजल्यावर भाड्याने राहतो, लाकडी बाल्कनी आहे. छोटं गॅस ग्रिल ठेवावं का? शेजारचे ठेवतात.

निवांत_नाना
शेजारचे ठेवतात म्हणून नको. बहुतेक ठिकाणी लागू असलेल्या अग्निनियमांत अपार्टमेंटच्या ज्वलनशील बाल्कनीवर किंवा अशा बांधकामापासून १० फुटांच्या आत उघड्या ज्योतीचं ग्रिल चालत नाही. स्प्रिंकलर (आग लागली की छतातून पाणी फवारणारे) वगैरे असतील तर काही सवलती आहेत, पण तुमच्या गावचा आणि भाडेकराराचा नियम आधी वाचा. प्रोपेनची २० पौंडी टाकी तर बाल्कनीत नकोच. विजेवरचं ग्रिल घ्या, किंवा पार्कातलं वापरा. आम्ही पहिली पाच वर्षं पार्कातच काढली. तिथल्या जाळीवर आधीच्या माणसाच्या बर्गरचा इतिहास असतो, तेवढी फॉईल घेऊन जा.

स्वतःचं घर असलं तरी ग्रिल भिंतीला चिकटवू नका. भिंतीवरचं बाहेरचं प्लास्टिकचं आवरण, व्हिनाइलचं सायडिंग, आगीशिवाय नुसत्या आचेनेही लोंबतं. आमच्या समोरच्या घराची एक भिंत आजही मेणबत्तीसारखी ओघळलेली आहे. आणि पाऊस आला म्हणून गॅरेजमध्ये तर अजिबात नाही, दार उघडं असलं तरी. कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो.

पर्वतीपायथा
पुण्यात गच्चीवर असं ग्रिल वापरता येईल का? भाऊ अमेरिकेतून आणतो म्हणतोय.

पाचवा_बर्नर
आणू नका. तिकडच्या सिलिंडरचा व्हॉल्व वेगळा, इकडची जोडणी त्याला बसत नाही, आणि मग कोणीतरी जुगाड अडॅप्टर बनवून देतो. शिवाय इकडचं ग्रिल निव्वळ प्रोपेनसाठी बनवलेलं, तुमच्या सिलिंडरात प्रोपेन-ब्युटेनचं मिश्रण. भारतात विकायला असलेलं, तिथल्या सिलिंडरसाठी बनवलेलं ग्रिल घ्या. सोसायटीला विचारा, हे वेगळं सांगत नाही.

मधली_सून
आज बर्नर काढला. डाव्या नळीच्या तोंडाशी पांढरी, कापसासारखी गुंडाळी! ब्रश आत घातला तर गादीत बोट घातल्यासारखं लागलं. राहतं घर मोडल्याचं थोडं वाईट वाटलं, पण कोळी काही दिसला नाही, तो आधीच स्थलांतरित झाला असावा. भोकं मोकळी करायला पाऊण तास लागला. आता तिन्ही बर्नर निळे, टोकाला जरासा पिवळा. बुडबुडे कुठे नाहीत.

पण आतून ग्रिल इतकं घाण आहे! खालच्या ट्रेमध्ये आधीच्या मालकांच्या बहुधा दोन-तीन उन्हाळ्यांची चरबी, काळी, मेणचट, अर्धा इंच. जाळ्यांवर गंज. तारेच्या ब्रशने घासू का? तोही त्यांनी सोडलाय.

सुगरणतरी
तो ब्रश कचऱ्यात टाका. मी नर्स आहे, म्हणून कळकळीने सांगते. तारेच्या ब्रशचे बारीक केस सुटून जाळीला चिकटतात, तिथून कणसात, मांसात, आणि मग घशात किंवा आतड्यात. २०१२ मध्ये सीडीसीने (अमेरिकेच्या सरकारी रोगनियंत्रण केंद्राने) ऱ्होड आयलंडच्या प्रॉव्हिडन्समधल्या अशा सहा रुग्णांचा अहवाल छापला होता. काहींची मान दुखत होती, काहींचं पोट, आणि कारण निघालं बोटाच्या पेराएवढी तार. गिळताना कोणाला कळतही नाही.

जाळी गरम असताना लाकडी खरवडणी वापरा. काही दिवसांत तिला तुमच्या जाळीच्या आकाराच्या खाचा पडतात आणि ती तुमचीच होऊन जाते. किंवा फॉईलचा बोळा चिमट्यात धरून घासा. अर्धा कांदा काट्याला टोचून फिरवतात तोही चांगला, तेल पुसायचं काम छान करतो. थंड जाळीला साबण आणि नारळाचा काथ्या, आपली जुनी घासणी.

डेकवरचा_दादा
ट्रेबद्दल मी गंभीरपणे लिहितो. हो, माझ्याकडेही गॅसचं ग्रिल आहे. हसू नका, बायकोचं आहे.

दोन वर्षं ट्रे साफ केला नव्हता. मटणाच्या चापा टाकल्या, चरबी सुटली, थेंब पेटले, आणि ट्रेमधला जुना साठा पेटला. तापमानाचा काटा पार टोकाला गेला, बाजूने नारिंगी जीभ बाहेर. मी पाण्याची बादली उचलली होती. मुलगी ओरडली म्हणून थांबलो. पेटलेल्या चरबीवर पाणी म्हणजे कढईत फोडणी उडते त्याच्या शंभरपट. हात पोचत होता तोवर नॉब बंद केले, टाकी बंद केली, झाकण लावून लांब झालो. दहा मिनिटांत विझलं. नसतं विझलं तर ९११ ला, म्हणजे अग्निशमनाला फोन. चापांचा कोळसा झाला, म्हणजे शेवटी कोळसाच.

प्लास्टिकच्या पट्टीने ट्रे खरवडा, चरबी कागदात गुंडाळून कचऱ्यात टाका, सिंकमध्ये ओतू नका. दर चार-पाच वापरांनंतर एकदा बघायचंच. ट्रेखालच्या वाटीत फॉईलचं अस्तर घाला, ते बदलायला सोपं.

पाचवा_बर्नर
जाळ्यांबद्दल: त्या बिडाच्या आहेत का? हातात जड, खडबडीत, चुंबक चिकटतो? तर त्यांना आईच्या बिडाच्या तव्यासारखंच वागवा. गंज घासून काढा, धुवा, लगेच आचेवर वाळवा, अगदी पातळ तेलाचा हात द्या आणि झाकण लावून अर्धा-पाऊण तास चांगल्या आचेवर राहू द्या. दोन-तीनदा केलं की काळी झळाळी येते. वर चकचकीत काळा थर असून तो कुठे उडाला असेल तर ते पोर्सेलिनचं आवरण, ते घासून वाढवू नका.

एक सवय लावा. भाजायच्या आधी पंधरा मिनिटं झाकण बंद करून फुल्ल तापवा. कालचं जे काही चिकटलंय ते जळून भुगा होतं, मग खरवडायचं. तेल जाळीला नाही, पदार्थाला लावायचं. तापलेल्या जाळीवर तेल ओतलं तर भडका, आणि वाचलेल्या तेलाचा चिकटा.

तंगड्यांचं: मसाल्यात दही असेल तर भर आचेवर बाहेरून करपतात आणि हाडाशी लाल राहतात. डावा बर्नर बंद ठेवा, बाकीचे दोन मध्यम. तंगड्या आधी डावीकडे, झाकण बंद, अर्धा तास. मग शेवटची पाच-सात मिनिटं ज्योतीवर, रंग येण्यापुरत्या. हाडाला न लावता आत थर्मामीटर खुपसून १६५ फॅरनहाइट आलं की काढा. झाकणावरच्या काट्यावर जाऊ नका, तो वरच्या हवेचं तापमान सांगतो.

सुगरणतरी
पनीर टोचायच्या लाकडी काड्या पाण्यात अर्धा तास भिजवायला विसरू नका. आणि कच्च्या चिकनचं ताट आणि भाजलेल्याचं ताट वेगळं. चिमटेसुद्धा.

भाड्याचं_घर
टाकीत किती गॅस उरलाय हे कसं कळतं? (पुढेमागे घर घेऊच.)

निवांत_नाना
टाकीच्या गळ्यावर कोरलेलं असतं. एक आकडा रिकाम्या टाकीचं वजन, साधारण १७ पौंड. बाथरूमच्या वजनकाट्यावर टाकी ठेवा, त्यातून तो आकडा वजा करा, उरला तो गॅस. पूर्ण भरली तर २० पौंड, पण बदलून मिळणाऱ्या टाकीत बहुतेक १५ च भरलेला असतो, पैसे देताना लेबल वाचा. तीन बर्नरचं, तासाला ३० हजार बीटीयूचं (बीटीयू म्हणजे उष्णतेचं माप) ग्रिल भर आचेवर तासाला दीड पौंडाच्या आत-बाहेर खातं.

तिथेच महिना-वर्षही कोरलेलं असतं. १२ वर्षं उलटली की पुन्हा तपासणी केल्याशिवाय भरून देत नाहीत. अशी टाकी बदलून देणाऱ्या दुकानात नेऊन द्यायची, तिथे बहुधा घेतात. हिवाळ्यात टाकी घरात किंवा गॅरेजात आणू नका, बर्फात राहू दे बाहेर, तिला काही होत नाही. प्रोपेन उणे ४२ सेल्सियसला उकळतो, न्यू जर्सीची थंडी त्याच्यापुढे किस झाड की पत्ती.

मधली_सून
मंडळी, मंगळवार सकाळ. डोकं दुखतंय, पण वृत्तांत द्यायलाच हवा.

वीस म्हटले होते, सव्वीस आले. नवऱ्याला टाकीपासून लांब ठेवलं, कॉक मीच उघडला, दहा आकडे मोजून. तंगड्या तीन खेपांत झाल्या, थर्मामीटर घेऊन मी इतकी फिरले की दिराने 'डॉक्टरीणबाई' नाव ठेवलं. कणसं संपली, पनीर संपलं. जळगावच्या ताई, एक वांगं टोचायचं राहिलं आणि ते खरंच फुटलं, फटाक्यासारखं! बाकीच्या पाचांचं भरीत झालं, कांद्याची पात, हिरवी मिरची, शेंगदाणे घालून. हिकरीच्या धुराचं भरीत खाऊन सासूबाई म्हणाल्या, "चुलीवरचं वाटतंय." सासऱ्यांनी तिसरी तंगडी घेतली. बोलले याही वेळी काही नाहीत.

सकाळी टाकी काट्यावर ठेवली, २५ पौंड. वजा १७, म्हणजे आठ शिल्लक.

फक्त एक झालं. रात्री पाहुणे गेल्यावर नवऱ्याने उत्साहाने ग्रिलला कव्हर घातलं. ग्रिल अजून गरम होतं. आता कव्हरचा एक कोपरा झाकणाला चिकटून बसलाय. तो कसा काढू? आणि ५२ इंच रुंदीच्या ग्रिलला चांगलं कव्हर कोणाच्या माहितीत आहे का?